ख्रिस्ताचे "दोन स्वभाव" मराठीत नेमके कसे मांडायचे?

टाचणी (प्रश्न; पुढे उत्तर देणाऱ्यांची टोपणनावं तळटीप, अर्धविराम आणि उंबरठा)

अभ्यासगटासाठी चार पानांचं टिपण करायचं आहे. वाचणाऱ्यांना बायबल चांगलं ठाऊक आहे, पण ईशज्ञान कधी शिस्तीत शिकलेलं नाही. विषय: ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य. चार ठिकाणी गाडी अडते आहे.

एक, "स्वभाव" हा शब्द. "त्याचे दोन स्वभाव" म्हटलं की घरी एक आणि बाहेर दुसरा असा माणूस डोळ्यांसमोर येतो.

दोन, देव थकत नाही, पण येशू विहिरीपाशी थकून बसला (योहान ४:६). देवाला सगळं ठाऊक असतं, पण त्या दिवसाविषयी पुत्रालाही ठाऊक नाही (मार्क १३:३२). दर वेळी "ते मनुष्य म्हणून" असं सांगणं ही पळवाट वाटते.

तीन, एखादी उपमा हवी आहे. दुधात साखर चालेल का?

चार, ख्रिस्ताचे दोन स्वभाव ठरवणारी काल्सेडनची परिषद (४५१) न मानणाऱ्या चर्चना "एकस्वभाववादी" लिहिलं तर चुकेल का?

---

तळटीप

शब्दापासूनच सुरुवात करा, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. रोजच्या मराठीत स्वभाव म्हणजे माणूस तापट की शांत ते. "प्रकृती" घ्याल तर लोक तब्येत विचारतील, शिवाय सांख्यांची प्रकृती पाठ सोडणार नाही. "स्वरूप" त्यातल्या त्यात बरा, पण त्यात "रूप" आहे आणि रूप म्हणजे वरवरचं असा वास येतो. ख्रिस्ताचा देह नुसता भासत होता, हा आभासवाद तर या विषयातल्या सर्वांत जुन्या चुकांपैकी एक. म्हणून "स्वभाव"च ठेवा, पण पहिल्या परिच्छेदातच त्याला खुंटीला बांधा:

स्वभाव = "हे काय आहे?" याचं उत्तर.
व्यक्ती = "हा कोण आहे?" याचं उत्तर.

पाळण्यातल्या बाळाकडे बोट दाखवून "हे काय?" विचारलं तर उत्तर "माणूस". "हा कोण?" विचारलं तर उत्तर त्याचं नाव. आपल्या बाबतीत दोन्ही प्रश्नांना एकेकच उत्तर असतं, त्यामुळे ते वेगळे आहेत हे कधी जाणवतच नाही. त्रैक्यात (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव) "काय?" एक आणि "कोण?" तीन. ख्रिस्तात उलट: "कोण?" एकच, पित्याचा पुत्र, "काय?" मात्र दोन, देव आणि मनुष्य. हा साचा हातात असला की पुढची चार शतकांची भांडणं चुका म्हणून ओळीने लावता येतात.

आरियस या अलेक्झांड्रियाच्या धर्मगुरूवर फार वेळ घालवू नका. पुत्र हा निर्माण केलेला, तो नव्हता असा एक काळ होता, हे त्याचं म्हणणं. ३२५ मध्ये निकेयाच्या परिषदेने उत्तर दिलं की पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे. प्रश्न देवत्वाचा होता, तो तिथे मिटला (कागदावर, प्रत्यक्षात अजून पन्नासेक वर्षं धुमसत राहिला).

अपोलिनारिसवर मात्र थांबा. सीरियातल्या लाओदिकियाचा हा बिशप निकेयाचा कट्टर समर्थक होता. त्याचं म्हणणं असं: येशूचा देह मानवी, पण त्यात विचार करणाऱ्या मानवी बुद्धीच्या जागी देवाचा शब्द, म्हणजे पुत्रच. ऐकायला फार भक्तिपूर्ण, आणि आजही पुष्कळ श्रद्धावान मनात हेच धरून असतात: बाहेरून माणूस, आत देव. ग्रेगरी नाझियांझसने क्लेदोनियसला लिहिलेल्या पत्रात यावर बोट ठेवलं: ख्रिस्ताने जे घेतलंच नाही ते बरंही झालं नाही. माणसाच्या बिघाडाचं मूळ त्याच्या मनात आणि इच्छेत. मन वगळून नुसतं शरीर घेतलं तर रोग्याचा रोगी भाग सोडून बाकीच्यावर उपचार केल्यासारखं होईल. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने ही शिकवण नाकारली.

मग नेस्टोरियस. ४२८ मध्ये तो कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाला आणि मरियेला "देवाला जन्म देणारी" म्हणण्याऐवजी "ख्रिस्ताला जन्म देणारी" म्हणावं असं सुचवू लागला. वरकरणी वाद मरियेविषयी, खरा वाद कर्त्याविषयी. तिच्या पोटी आला तो कोण? उत्तर "देवाचा पुत्र" असेल तर पहिली उपाधी टाळता येत नाही. टाळलीत की एका कर्त्याचे दोन होतात: एक जन्मणारा, दुसरा त्याच्यात राहणारा. ४३१ च्या इफिससच्या परिषदेने अलेक्झांड्रियाच्या सिरिलची बाजू घेतली. (अँटिओकचे बिशप पोचण्याआधीच सिरिलने परिषद उघडली, हेही टिपणात येऊ द्या, सिद्धान्त बरोबर असला म्हणून कारभार स्वच्छ होता असं नाही. आणि नेस्टोरियसचा स्वतःचा ग्रंथ सीरियन भाषांतरात सापडून १९१० मध्ये छापला गेल्यापासून, त्याने खरंच दोन व्यक्ती शिकवल्या का यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.)

युटिकेस हा कॉन्स्टँटिनोपलचा मठाधिपती दुसऱ्या टोकाला गेला. संयोगाआधी दोन स्वभाव, नंतर एकच. ४४८ मध्ये तिथला बिशप फ्लेवियन याने त्याला दोषी ठरवलं. ४४९ मध्ये इफिससला अलेक्झांड्रियाचा बिशप डायोस्कोरस याच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या परिषदेने त्याला सोडलं आणि उलट फ्लेवियनलाच पदच्युत केलं. रोमचा पोप लिओ याने फ्लेवियनला लिहिलेलं सैद्धान्तिक पत्र तिथे वाचूही दिलं नाही. लिओ त्या सभेला दरोडेखोरांची सभा म्हणाला, ते नाव कायमचं चिकटलं.

आता काल्सेडन, आणि तिथे एका शब्दयोगी अव्ययाची गोष्ट जरूर सांगा. २२ ऑक्टोबर ४५१ ला व्याख्येचा जो पहिला मसुदा वाचला गेला त्यात ख्रिस्त "दोन स्वभावांपासून" असं होतं. बहुतेक बिशप खूश. रोमचे प्रतिनिधी म्हणाले, लिओचं पत्र मान्य नसेल तर आम्ही परत जातो. सम्राटाच्या अधिकाऱ्यांनी नेमकी फट दाखवली: "दोन स्वभावांपासून" हे तर डायोस्कोरसलाही मान्य आहे, त्याला खुपतं ते "दोन स्वभाव आहेत" हे. पिठापासून भाकरी होते, पण भाकरी झाल्यावर पीठ उरत नाही. "पासून" म्हटलं की युटिकेसला सटकायला दार उघडं राहतं. समिती संत युफेमियाच्या प्रार्थनागृहात गेली आणि बाहेर आली ती "दोन स्वभावांत" हा पाठ घेऊन. ग्रीकमध्ये "एक्" (पासून) च्या जागी "एन्" (मध्ये), एका अक्षराचा फरक.

व्याख्येत "एकतत्त्व" हा निकेयाचा शब्द दोनदा येतो: देवत्वाने पित्याशी एकतत्त्व, मनुष्यत्वाने आपल्याशी एकतत्त्व, पाप सोडून सर्व बाबतींत आपल्यासारखा. मागोमाग चार नकार: मिसळ न होता, बदल न होता, विभागणी न होता, ताटातूट न होता. पहिले दोन युटिकेसच्या बाजूचं कुंपण, पुढचे दोन नेस्टोरियसच्या बाजूचं. मधल्या जागेत काय घडतं याचं यंत्र परिषदेने उघडून दाखवलेलं नाही. टिपणातही तसा आव आणू नका.

---

अर्धविराम

तळटीप यांचा "कोण/काय" साचा घेऊनच दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाकडे जाऊ.

"मनुष्य म्हणून" ही पळवाट कधी ठरते? तुम्ही कर्ता बदलता तेव्हा. "येशूचं मनुष्यत्व रडलं आणि देवत्वाने लाजरला उठवलं" हे वाक्य प्रवचनांत सर्रास असतं, आणि ते चूक आहे. स्वभाव रडत नाहीत, स्वभाव हाकही मारत नाहीत. योहान ११:३५ ला रडणारा आणि ११:४३ ला मोठ्याने हाक मारणारा एकच "तो" आहे. रडता येणं मनुष्यत्वामुळे, मेलेल्याला उठवणं देवत्वामुळे. "मुळे" हे कारण सांगतं, कर्ता सांगत नाही. आणि दोन विधानं परस्परविरोधी ठरायला ती एकाच दृष्टीने केलेली असावी लागतात, हा तर्कशास्त्राचा जुनाच नियम.

लिओच्या पत्रात प्रत्येक स्वभाव दुसऱ्याच्या सहभागाने आपापलं काम करतो असं वाक्य आहे. पूर्वेतल्या अनेकांना ते नेमकं याच कारणासाठी खटकलं: स्वभावच कर्ता बनल्यासारखं वाटतं. लिओचा अर्थ तसा नव्हता, पण टिपणात ते वाक्य एकटं ठेवू नका.

वाक्य तपासायची पद्धत अशी. आधी कर्ता पाहा: ते व्यक्तीचं नाव आहे (देव, पुत्र, येशू, ख्रिस्त) की "त्व" लागलेलं भाववाचक नाम (देवत्व, मनुष्यत्व)? व्यक्तीचं नाव असेल तर कोणत्याही स्वभावाची गोष्ट त्याला लावता येते, मग नाव दुसऱ्या स्वभावावरून आलेलं असलं तरी. "त्व" असेल तर नाही.

"देवाला मरियेने जन्म दिला": चालतं.
"देवत्वाला मरियेने जन्म दिला": चूक.
"वधस्तंभावर देवाचा पुत्र मेला": चालतं.
"वधस्तंभावर देवत्व मेलं": चूक.
"विश्व येशूने निर्माण केलं": चालतं, कारण ज्याला पुढे येशू हे नाव मिळालं तोच तो.
"विश्व येशूच्या मनुष्यत्वाने निर्माण केलं": चूक.

ही सूट पंडितांनी शोधलेली नाही. गौरवाच्या प्रभूला वधस्तंभावर खिळलं, असं पौल स्वतः लिहितो (१ करिंथ २:८). ५५३ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने तर स्पष्टच म्हटलं की देहाने क्रुसावर खिळलेला आपला प्रभू त्रैक्यातलाच एक आहे. पुढे लुथरपंथी आणि रिफॉर्म्ड या दोन प्रोटेस्टंट शाखांत देवत्वाचे गुण, उदाहरणार्थ सर्वव्यापकता, मनुष्यत्वाला मिळतात का यावर मोठा वाद झाला. लुथरपंथीयांनी १५७७ च्या मतैक्यसूत्रात होकार दिला. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीची भूमिका उलट. चार पानांत हा वाद घेऊ नका.

उपमा. दुधात साखर नको. साखर विरघळली की वेगळी उरत नाही. हा थेट युटिकेस. पाचव्या शतकातला बिशप थिओडोरेट याने तर आपल्या संवादात प्रतिपक्षाच्या तोंडी समुद्रात पडलेल्या मधाच्या थेंबाची उपमा घातली आहे, ती चुकीची कशी हे दाखवायला. अर्धा देव-अर्धा माणूस ही खेचराची कल्पना: धड घोडा नाही, धड गाढव नाही. पाणी-बर्फ-वाफ हे लोक त्रैक्यासाठी ओढून आणतात, तिथेही चुकतं आणि इथे तर लागूच नाही.

जुन्या लेखकांची त्यातल्या त्यात टिकणारी उपमा म्हणजे तापून लाल झालेलं लोखंड. सातव्या शतकातल्या मॅक्सिमस या भिक्षूने तलवार घेतली आहे: ती कापते तेव्हा भाजत कापते आणि भाजते तेव्हा कापत भाजते, तरी कापणं लोखंडाचं आणि भाजणं आगीचंच राहतं. मिसळ नाही आणि फारकतही नाही. कुठे तुटते तेही लिहा: लोखंड निवतं, ख्रिस्ताचं मनुष्यत्व आणि देवत्व कधी सुटे होत नाहीत. दुसरी उपमा आत्मा आणि शरीर मिळून एक माणूस, अथानेशियन मतांगीकार या जुन्या श्रद्धाविधानातली. तिची मर्यादा अशी की आत्मा आणि शरीर हे भाग आहेत आणि मिळून तिसरंच काही बनतं. देवत्व कशाचाही भाग होत नाही.

---

उंबरठा

चौथ्या प्रश्नाचं उत्तर: हो, चुकेल. आणि तळटीप यांच्या मांडणीत एक कोपरा राहून गेला, तो इथे भरतो.

कॉप्टिक, सीरियन ऑर्थोडॉक्स, आर्मेनियन, इथिओपियन, मलंकारा ही चर्चेस काल्सेडन मानत नाहीत, पण युटिकेसलाही ती पाखंडीच ठरवतात. "एकस्वभाववादी" म्हटलं की युटिकेसची शिकवण त्यांच्या गळ्यात पडते. त्यांचा आधार सिरिलचं सूत्र: "देव-शब्दाचा एक देहधारी स्वभाव". यात "देहधारी" हे विशेषण काढलंत तर अर्थच पालटतो. आणि सिरिलच्या लिखाणात "फिसिस" (स्वभावासाठीचा ग्रीक शब्द) हा शब्द पुष्कळदा "प्रत्यक्ष अस्तित्वात असलेला एक" या अर्थाने येतो, म्हणजे काल्सेडन ज्याला व्यक्ती म्हणतं त्याच्या जवळ. काल्सेडनने तोच शब्द "काय?" साठी वापरला. शब्द एक, खण दोन. दोन्ही बाजू एकमेकांचं वाक्य आपल्या कोशातून वाचत होत्या, आणि त्यात साम्राज्याचं राजकारण मिसळलं.

गंमत अशी की सिरिलला हे सूत्र त्याच्या आधीचा अलेक्झांड्रियाचा बिशप अथानेशियस याच्या नावावर फिरणाऱ्या मजकुरात मिळालं, आणि तो मजकूर मुळात अपोलिनारिसचा होता. सिरिलने त्यात पूर्ण मानवी आत्मा धरून अर्थ लावला, म्हणून ते निभावलं.

लिहायचंच असेल तर "एकीकृत-स्वभाववादी" किंवा सरळ "काल्सेडन न मानणारी पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्चेस" लिहा. १९७३ मध्ये पोप सहावे पॉल आणि कॉप्टिक पोप तिसरे शेनूदा यांनी संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. त्यात पूर्ण देव, पूर्ण मनुष्य, मिसळ नाही, ताटातूट नाही, हे सगळं आहे. दुसऱ्या बाजूने, जिला नेस्टोरियन म्हणत आले त्या पूर्वेच्या असिरियन चर्चशी रोमचं असंच निवेदन १९९४ मध्ये झालं. त्यात मरियेच्या दोन्ही उपाध्या एकाच श्रद्धेच्या योग्य अभिव्यक्ती मानल्या आहेत. याचा अर्थ सगळे एक झाले असा नाही. काल्सेडन स्वीकारायचं की नाही हा प्रश्न जागच्या जागी आहे.

---

टाचणी

तिघांचेही आभार. खेचर आणि भाकरी दोन्ही टिपणात जाणार. पण मार्क १३:३२ अजून सुटलेलं नाही. शिवाय अटकेआधी गेथशेमाने बागेत "माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या" म्हणणारा एकच "तो" असेल, तर त्याच्या इच्छा किती?

---

तळटीप

इच्छा दोन. आणि हे सिद्ध करायला एका माणसाने जीभ आणि उजवा हात गमावला आहे.

सातव्या शतकात काल्सेडन मानणारे आणि न मानणारे यांना एकत्र आणायला सम्राटांना मधला मार्ग हवा होता: स्वभाव दोन ठेवा, पण इच्छा एकच म्हणा. मॅक्सिमसने विरोध केला. त्याचा युक्तिवाद टिपणात दोन ओळींत बसतो. इच्छाशक्ती व्यक्तीची असं धराल, तर त्रैक्यात तीन व्यक्ती म्हणून तीन इच्छा, म्हणजे तीन देव. म्हणून ती स्वभावाची. मग ख्रिस्तात दोन स्वभाव तर इच्छाशक्तीही दोन. वर ग्रेगरीचा नियम लागू होतोच: मानवी इच्छा घेतली नसेल तर ती बरीही झालेली नाही, आणि माणसाचा बिघाड तर तिथूनच सुरू होतो. ६६२ मध्ये त्याला शिक्षा झाली, त्याच वर्षी तो हद्दपारीत वारला. ६८०-६८१ च्या कॉन्स्टँटिनोपल परिषदेने त्याचीच शिकवण मान्य केली आणि एका इच्छेची बाजू घेणाऱ्यांत पोप होनोरियसलाही धिक्कारलं.

गेथशेमाने असं वाचा: मरणापासून मागे सरणं हे पाप नव्हे, जिवंत माणसाच्या इच्छेचा तो साधा धर्म. ती मानवी इच्छा पित्याच्या इच्छेच्या, म्हणजे पुत्राच्याही दैवी इच्छेच्या, स्वाधीन होते. दोन इच्छा आहेत, पण झुंज नाही. आपण चांगलं काय हे ठाऊक नसल्याने घोळतो, चाचपडतो. ती डळमळ मॅक्सिमस ख्रिस्ताला लावत नाही. इच्छाशक्ती असणं वेगळं, डळमळणं वेगळं.

मार्क १३:३२ बाबत परंपरेत एकच उत्तर नाही, तसंच लिहा. अथानेशियसचं उत्तर सरळ: शब्द म्हणून ठाऊक, मनुष्य म्हणून ठाऊक नाही, न जाणणं हा मानवी स्वभावाचा धर्म आणि तोही त्याने घेतला. पोप पहिले ग्रेगरी जास्त सावध: मनुष्यत्वात असताना त्याला ते ठाऊक होतं, पण मनुष्यत्वामुळे नव्हे. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसने ख्रिस्ताच्या मानवी ज्ञानाचे तीन प्रकार केले. त्यातलं अनुभवाने मिळवलेलं ज्ञान त्याने आधी नाकारलं होतं, उतारवयातल्या ग्रंथात ते मान्य केलं आणि मत बदलल्याचं लिहूनही ठेवलं. लूक २:५२ मधलं "ज्ञानाने वाढत गेला" मला त्याच बाजूला झुकवतं. १९व्या शतकातल्या रिक्तीकरणवाद्यांनी मात्र फिलिप्पै २:७ वरून पुत्राने सर्वज्ञता वगैरे गुणच बाजूला ठेवले असं सुचवलं. कोडं सुटतं खरं, पण "बदल न होता" या कुंपणावरून उडी मारून. शिवाय त्या वचनात रिक्त होण्याचा अर्थ लगेच दिला आहे, दासाचं स्वरूप धारण करणं. काही काढून ठेवण्याची भाषा तिथे नाही.

एक धोक्याची खूण: "व्यक्ती" म्हणजे आजच्या मानसशास्त्रातलं व्यक्तिमत्त्व किंवा जाणिवेचं केंद्र असं कुणी धरलं, तर "ख्रिस्त मानवी व्यक्ती नाही" हे वाक्य ऐकून त्याला मानवी मनच नव्हतं असं वाटेल, आणि अपोलिनारिस मागच्या दाराने आत येईल. मानवी मन आहे, जाणीव आहे, इच्छा आहे. फक्त ते ज्याचं आहे तो वेगळा कुणी माणूस नसून पुत्रच आहे.

---

अर्धविराम

जाता जाता क्रियापदांकडे लक्ष द्या, मराठीत तीच दगा देतात. "देह धारण केला" म्हटलं की अंगरखा चढवल्यासारखं होतं: आत देव, वर देह, आणि तोही नुसता देह, मन नाही. "अवतार" हा शब्द वापरलात तर कार्य संपल्यावर रूप सोडून देणं त्याच्याबरोबर येतं. इथे मनुष्यत्व पुनरुत्थानानंतरही टाकलेलं नाही. योहान १:१४ च्या मराठी भाषांतरात "शब्द देही झाला" आहे. "झाला" जास्त खोल जातं, पण दुधाचं दही झालं तसं वाचलं तर शब्द शब्द उरला नाही असं वाटेल.

दोन्ही क्रियापदं विरुद्ध बाजूंना घसरतात, म्हणून दोन्ही वापरा आणि पहिल्या पानावर एकदाच पूर्ण वाक्य घाला: "जो देव होता तोच, देव राहून, शरीर आणि विचार करणारा आत्मा यांसह मनुष्य झाला." "देव राहून" छपाईत गळणार नाही एवढं बघा.